स्वॉनेजची वाफेची गाडी, आईबाबांना घेऊन दोन दिवस

आईबाबा उन्हाळ्यात आमच्याकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला येतात तेव्हा दरवेळी तोच प्रश्न असतो, ह्यांना न्यायचं कुठे. लंडन झालं, बाथ झालं, स्टोनहेंज झालं, आई सगळीकडे खूश असते पण बाबा कुठेच मनापासून रमलेले मी पाहिले नव्हते. ह्यावेळी डॉर्सेटमधल्या स्वॉनेजला गेलो आणि दोन दिवसांत जो माणूस मला दिसला तो मी लहानपणी शेवटचा बघितला होता. म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण मराठीत ह्या गावाबद्दल मला काहीच सापडलं नव्हतं आणि आईवडिलांना घेऊन कुठे जावं हा प्रश्न इकडे राहणाऱ्या बहुतेकांना पडतोच.

आधी बाबांबद्दल सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाबा रेल्वेतले. १९७८ साली क्लीनर म्हणून लागले, मग सेकंड फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा, मग फर्स्ट फायरमन, मनमाड-दौंड लाईनवर वाफेची डब्लूजी इंजिनं, नंतर डिझेल आली, इलेक्ट्रिक आली आणि मेल ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. पण आजही घरात गोष्टी सांगतात त्या सगळ्या वाफेच्या इंजिनावरच्या. चाळीस वर्षं होत आली त्यांनी शेवटचं फावडं मारून.

स्वॉनेज हे पर्बेक नावाच्या भागात, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर. आम्ही गाडीने गेलो आणि कोणीतरी सांगितलं होतं ते ऐकलं ते बरं झालं, गाडी गावात न नेता नॉर्डनला लावायची आणि तिथून वाफेच्या गाडीने गावात शिरायचं. गावात जायला मुख्य रस्ता एकच आहे, ए३५१, तो उन्हाळ्यात तुंबतो. नॉर्डनला मोठं पार्किंग आहे, स्टेशन शेजारीच, आणि वेळ असेल तर तिथेच एक छोटं खाणीचं म्युझियम आहे. ह्या भागात बॉल क्ले नावाची पांढरी चिकणमाती निघते, चिनीमातीची भांडी करायला लागते ती, आणि ती वाहून न्यायला छोट्या रुळांच्या गाड्या होत्या. आम्ही पंधरा मिनिटं बघितलं, मुलांना आवडेल.

प्लॅटफॉर्मवर उभे होतो तेव्हा गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. बाबांनी हात वर करून आम्हाला सगळ्यांना गप्प केलं. मग झाडांच्या वर धूर दिसला आणि ते म्हणाले, "पातळ धूर आहे बघ, राखाडी. म्हणजे जाळ नीट पसरलाय. फायरमनला काम येतंय." गाडी अजून वळणावर होती!

त्या दिवशी ३१८०६ नंबरचं इंजिन होतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे १९२६ साली ब्रायटनला बनलं, तेव्हा ते टँक इंजिन होतं, म्हणजे कोळसा-पाणी इंजिनावरच, आणि त्याचं नाव होतं रिव्हर टॉरिज. १९२७ साली सेव्हनओक्सला ह्याच जातीच्या इंजिनाचा मोठा अपघात झाला, मग त्या सगळ्या इंजिनांना मागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा, जोडून बदललं, हे १९२८ साली बदललं. १९६४ ला कामावरून काढलं, वेल्समधल्या बॅरीच्या भंगारयार्डात जाऊन पडलं आणि तिथून लोकांनी सोडवून आणलं. म्हणजे हे इंजिन दोनदा जन्माला आलं म्हणा ना. हिरवे डबे, आत जुने गादीचे बाक, खिडकी वरून खाली सरकवायची. माझ्या मुलीने डोकं बाहेर काढायचा हट्ट केला आणि आजोबांनी तिला इतक्या जोरात आत ओढलं की ती रडायला आली, पण ते बरोबर होते, कोळशाचा कण डोळ्यात गेला की दिवस जातो. तुम्हीही काढू नका.

नॉर्डन ते स्वॉनेज साधारण सहा मैल, पंचवीसेक मिनिटं लागतात. कोणी म्हणेल एवढ्याशासाठी एवढं लांब जायचं का. मी म्हणेन की जाऊन नुसतं बसून येऊ नका, खरी मजा उतरल्यावर आहे. स्वॉनेजला गाडी पोचली की इंजिन सुटतं आणि बाजूच्या रुळावरून फिरून दुसऱ्या टोकाला येऊन लागतं, तेव्हा बराच वेळ ते प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं असतं. आम्ही तिथे गेलो. बाबा रेलिंगपाशी उभे राहिले, दोन्ही हात मागे, काहीच बोलेनात. आई हळूच मला म्हणाली, "त्यांना वर जायचंय, पण विचारणार नाहीत." म्हणून मी विचारलं. फायरमन एक तरुण मुलगी होती, पंचविशीची असेल, चेहऱ्यावर काजळी, बाकी दिवस ऑफिसात काम करते आणि महिन्यातून दोनतीन दिवस इथे येते असं म्हणाली. मी सांगितलं माझे वडील इंडियन रेल्वेत वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, तर तिने ड्रायव्हरकडे बघितलं, त्याने मान हलवली आणि बाबा वर.

आता बाबांचं इंग्रजी जेमतेम. इथे दुकानात गेले तरी ते माझ्याकडे बघतात. मी खाली उभी राहिले होते भाषांतर करायला, आणि भाषांतराची गरजच पडली नाही. इंजेक्टर, रेग्युलेटर, ब्लोअर, डँपर, गेज ग्लास, हे सगळे शब्द बाबांचे मराठी शब्दच आहेत, आयुष्यभर ते हेच बोलत आलेत! ते एकेका हँडलवर बोट ठेवून नाव घेत होते आणि ती मुलगी येस येस म्हणत होती. मग भट्टीचं दार उघडलं तेव्हा त्यांनी हाताने दाखवलं, फावडं न धरता, आधी मागचे दोन्ही कोपरे, मग बाजू, मग मध्ये पातळ. ती मुलगी हसायलाच लागली, म्हणाली मला शिकवणारे आजोबा रोज हेच ओरडतात, कोपरे, कोपरे. बाबांनी विचारलं फायरमन किती, ती म्हणाली मी एकटीच, तर त्यांनी दोन बोटं दाखवली, आमच्याकडे दोन. डब्लूजीची भट्टी खूप मोठी, मे महिन्यात अंकाई-येवल्याच्या बाजूला माळरानावर दोघांना पुरत नसे. खाली उतरले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला काळा डाग होता आणि आईने तो पुसायला रुमाल काढला तर त्यांनी हात बाजूला घेतला.

हे मी एवढं लांबवून लिहिलं कारण ह्या रेल्वेचं वेगळेपण मला ह्यातच वाटतं. इथे गाड्या चालवायला, स्टेशनवर, सिग्नल केबिनमध्ये बहुतेक लोक स्वयंसेवक आहेत, त्यांना विचारलं की ते थांबून सांगतात, कारण हे त्यांनी स्वतःच्या हातांनी उभं केलंय. ही लाईन १८८५ ची, वेअरहॅमपासून स्वॉनेजपर्यंत. स्टेशनमधल्या बोर्डावर सगळा इतिहास आहे तो वाचाच. १९७२ च्या जानेवारीत ती बंद केली, नुसती बंद नाही, त्याच उन्हाळ्यात रूळसुद्धा उखडून नेले. गावातल्या लोकांनी त्याच वर्षी संस्था काढली. रूळ नाही, डबे नाहीत, इंजिन नाही, आणि लोक म्हणतायत आम्ही रेल्वे चालवणार. १९७९ ला अगदी थोड्या अंतरावर गाडी चालली. मग एकेक मैल करत हर्स्टन, हार्मन्स क्रॉस, आणि कॉर्फ कॅसल आणि नॉर्डनला पोचायला १९९५ उजाडलं. मेन लाईनला रूळ जोडले गेले ते २००२ साली. तीस वर्षं! सुट्टीच्या दिवशी येऊन, पावसात, रुळांखालचे स्लीपर उचलून. बाबांना मी हे वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "गँगमनचं काम आहे ते. पगार घेऊनसुद्धा माणूस पळून जातो." आणि मग जाताना त्यांनी दानपेटीत आईकडून पैसे मागून टाकले, हे त्यांनी आजवर कुठल्याही प्रेक्षणीय ठिकाणी केलेलं नाही.

अजून एक, ज्यांना इंजिनांचं वेड आहे त्यांच्यासाठी. ५६३ नंबरचं टी३ इंजिन, १८९३ सालचं, ते अनेक वर्षं म्युझियममध्ये ठेवलेलं होतं, २०१७ ला ह्या लोकांच्या ट्रस्टला मिळालं आणि त्यांनी ते २०२३ मध्ये परत वाफेवर चालवलं. आम्हाला ते चालताना बघायला मिळालं नाही, बाबा हळहळले.

दुसऱ्या दिवशी कॉर्फ कॅसलला उतरलो. हे चुकवू नका, प्लॅटफॉर्मवरून समोरच टेकडीवर मोडका किल्ला दिसतो, आणि मोडका म्हणजे कसा, बुरुज सरळ उभे नाहीत, कललेत, भिंतीचे मोठे तुकडे उतारावर घसरून तसेच थांबलेत. इथे सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात राजाच्या बाजूची एक बाई, लेडी मेरी बँक्स, मूठभर माणसांना घेऊन किल्ला लढवत राहिली, १६४३ चा पहिला वेढा तिने परतवला, दुसऱ्या वेढ्यात १६४६ साली आतल्याच माणसाने फितुरी केली तेव्हा पडला. मग पार्लमेंटने हुकूम काढून सुरुंग लावून तो उद्ध्वस्त केला, पुन्हा कोणी लढवू नये म्हणून. हे ऐकताना अंगावर काटा येतो कारण आपल्याकडच्या किल्ल्यांच्या पायऱ्या आणि दरवाजे १८१८ नंतर इंग्रजांनी ह्याच कारणासाठी उडवले, आणि आपण सह्याद्रीत चढताना ते तुटलेले कातळ बघत बघतच वाढलो. आई चढताना दोनदा बसली, चढ आहे, गुडघे दुखत असतील त्यांनी खालूनच बघावा, गावातून आणि स्टेशनवरूनच तो जास्त सुंदर दिसतो. किल्ला नॅशनल ट्रस्टकडे आहे, मेंबरशिप असेल तर कार्ड न्या. गाव सगळं करड्या पर्बेक दगडाचं, छपरंसुद्धा दगडी फरशांची. स्टेशनच्या जुन्या मालधक्क्यात रेल्वेचं छोटं म्युझियम आहे.

आणि इथे प्लॅटफॉर्मवर सिग्नलमनने ड्रायव्हरला टोकन दिलं ते बाबांनी मुलीला दाखवलं. एकेरी लाईन आहे ना, टोकन हातात असल्याशिवाय पुढे जायचं नाही, म्हणजे समोरून गाडी येणार नाही ह्याची खात्री. त्यांच्या वेळी लोखंडी गोळा असायचा, तो रिंगला लावलेल्या पिशवीत घालून चालत्या गाडीत हाताने झेलायचा, रात्री पावसात रिंग दंडावर बसली की आठवडाभर वळ राहायचा. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. दंडावर हात ठेवून सांगत होते.

आता गाव. स्टेशनमधून बाहेर पडलं की पाच मिनिटांत समुद्र. खाडी पूर्वेकडे तोंड करून आहे, दोन्ही बाजूंनी डोंगर पुढे आलेले त्यामुळे पाणी शांत, वाळू बारीक, लहान मुलांना सोडायला एकदम चांगली. पाणी थंड, जुलैमध्ये पण थंडच, आपल्या कोकणातल्या पाण्याची सवय असलेल्यांनी आधी पाय घालून बघावं. जुना लाकडी धक्का आहे, १८९० च्या दशकातला, त्याच्या फळ्यांवर लोकांनी आठवणीसाठी नावांच्या छोट्या पट्ट्या लावल्यात, आई प्रत्येक पट्टी वाचत चालली होती.

गावाची एक मजेशीर गोष्ट म्हणजे ह्याचे तुकडे लंडनमधून आलेत. इथला दगड बोटींनी लंडनला जायचा, जॉन मोलम हा इथलाच माणूस मोठा कंत्राटदार झाला, त्याच्याबरोबर त्याचा भाचा जॉर्ज बर्ट, आणि परतीला रिकाम्या बोटी हलतात म्हणून हे लोक त्यात वजनाला लंडनमधल्या पाडलेल्या बांधकामांचे दगड, खांब भरून आणायचे. टाऊन हॉलचं दर्शनी तोंड लंडनच्या एका जुन्या इमारतीचं आहे. समुद्रकाठी घड्याळ नसलेला घड्याळाचा मनोरा आहे तो लंडन ब्रिजजवळून आणलेला, तिथे वाहतुकीला अडथळा होत होता.

ह्याच बर्टने डर्लस्टनच्या टोकावर १८८७ साली दगडी पृथ्वी करून बसवली, तीन मीटर व्यासाची, चाळीसेक टन वजनाची, वर देश आणि समुद्र कोरलेले. गावातून चालत अर्धा-पाऊण तास, चढ आहे पण रस्ता चांगला. मुलीने हिंदुस्थान शोधला आणि त्यावर हात ठेवून फोटो काढला. मला सगळ्यात आवडलं ते बाजूचं, बर्टने दोन कोऱ्या शिळा लावून ठेवल्या होत्या, ज्यांना आपलं नाव लिहायचंय त्यांनी कृपया इथेच लिहा म्हणून. रायगड-सिंहगडाच्या दगडांवर बदामात कोरलेली नावं बघून ज्यांचा जीव जळतो त्यांना हे बघून मनापासून पटेल. तिथून पुढे दीपगृह आहे, अँव्हिल पॉइंट, १८८१ चं, आणि कड्याच्या काठाने चालताना खाली समुद्रपक्षी. हा सगळा किनारा ज्युरासिक कोस्ट, २००१ पासून जागतिक वारसा. उलट्या बाजूला ओल्ड हॅरीचे पांढरे खडूचे सुळके आहेत, तिकडे मी आणि नवरा दोघंच पहाटे गेलो, बॅलर्ड डाऊनवरून, वाऱ्याने उभं राहवत नव्हतं. कड्याला कुंपण नाही, मुलं बरोबर असतील तर हात सोडू नका.

खाणं. आई शाकाहारी, त्यामुळे सांगते, चिप्स घेताना कशात तळलेत ते विचारा, इंग्लंडमध्ये काही ठिकाणी अजून बीफच्या चरबीत तळतात. एका टपरीवर मी विचारलं तर काउंटरवरच्या मुलाने आधी हो व्हेज म्हणून सांगितलं आणि पैसे दिल्यावर आतून दुसऱ्याने नाही म्हणून सांगितलं. पैसे परत मिळाले पण आईचं मन उडालं ते उडालंच, ती मग दोन्ही दिवस धपाटे आणि शेंगाचटणीवर राहिली, सोलापूरहून आणलेली होती म्हणून बरं. डॉर्सेट अॅपल केक मात्र तिने दोनदा घेतला, अंडं चालत असेल तर घ्याच, आणि पर्बेकचं आईस्क्रीम. सीगल हातातून खाणं ओढतात, माझ्या नवऱ्याचा अख्खा मासा गेला.

राहायला आम्ही एका गेस्ट हाऊसमध्ये होतो, नाव लिहीत नाही. बुकिंग करताना वयस्कर माणसं आहेत, खालची खोली द्या असं लिहून सुद्धा तिसऱ्या मजल्यावर दिली, अरुंद जिना, लिफ्ट नाही, आणि फोन केला तर म्हणे तुम्ही विनंती केली होती, आम्ही कबूल नव्हतं केलं. आईला बॅग घेऊन थांबत थांबत चढावं लागलं ह्याचा मला अजून राग आहे. आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर खालच्या खोलीचं उत्तर लेखी आल्याशिवाय पैसे भरू नका.

ट्रेनने येणाऱ्यांसाठी, लंडन वॉटर्लूहून वेअरहॅमपर्यंत मेन लाईन आहे, तिथून पुढे वाफेची गाडी लागेल असं समजू नका. २०२३ च्या उन्हाळ्यात वेअरहॅमपर्यंत डिझेल गाडी चाचणी म्हणून चालवली होती, पण ती रोजची सेवा नाही. वेअरहॅमहून ४० नंबरची बस घ्यायची, ती कॉर्फवरून स्वॉनेजला येते. बोर्नमथकडून येणार असाल तर ५० नंबरची बस, ती साखळीने ओढल्या जाणाऱ्या फेरीत चढून खाडी पार करते, वरच्या मजल्यावर बसा.

रेल्वेला माझ्याकडून पाचपैकी पाच, गावाला साडेचार, आणि ऑगस्टच्या शनिवार-रविवारी जाऊ नका, आम्ही सोमवार-मंगळवार गेलो म्हणून इंजिनापाशी उभं राहायला जागा तरी मिळाली. आईबाबा पुढच्या वर्षी परत येतील, बाबांनी आत्ताच सांगून ठेवलंय, काही फेऱ्यांना डिझेल लावतात, म्हणून आधी टाइमटेबल बघ आणि मगच खोली बुक कर. तो शर्ट त्यांनी धुवायला टाकला नाही, तसाच घडी करून बॅगेत घालून घेऊन गेलेत.